मापावरची मूठ

मंडळी, आज अंगात त्राण नाही, तरी लिहितेय.

आमच्या छोट्या कंपनीची ही पहिली परदेशी ऑर्डर. मार्गासनी गावचा हातसडीचा तांदूळ, किलोची चारशे पाकिटं, जर्मनीला. दीड वर्ष परवाने, तपासण्या आणि लेबलं यांच्यामागं पळत होते. आणि आज दुपारी माल पाठवणाऱ्या एजंटचा पुण्याहून फोन आला. "मॅडम, कागदावरचं वजन आणि मालाचं वजन जुळत नाही. माल परत न्या."

वजन कमी असतं तर समजलं असतं. ते जास्त भरत होतं!

तशीच गाडी काढून मार्गासनी गाठली. पाकिटं भरणाऱ्या शेवंताकाकूंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "व्हय, काट्यावर किलो झालं की वर येक मूठ म्याच टाकली. मापाला माप कुणी देतं व्हय? त्यात परक्या मुलखात पयल्यांदा चाललंय."

रागवणार तरी कशी? किलो म्हणजे किलोच, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आता सगळी पाकिटं फोडून पुन्हा भरायची. काकू म्हणाल्या, "काढू उद्या. पर त्या लोकांना येवढं कळव, आमी दिलं हुतं."

माझ्यासमोर आता नवे कागद पडलेत. सांगा, हे कुठल्या रकान्यात लिहू?