मामांची वलांडी आणि सतरा मजली जहाज

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर कुणाचं म्हणणं मुकाट्याने मान्य केलं असेल, तर ते फक्त भरतीचं. पाणी वर आलं की ते चार पावलं मागे सरकतात. बाकी पोलीस, डॉक्टर, लग्नातले गुरुजी आणि सख्खी बहीण यांच्यापैकी कुणापुढेही ते बोटभर मागे सरलेले मी पाहिलेले नाहीत. नात्याने ते माझ्या बायकोचे मामा, राहणार शहराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात. वाड्याचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्यातही ते चूक काढतील आणि हरकतीचा अर्ज घेऊन घोडपदेवला आमच्या खोलीवर येतील. माणसं जशी चहा घेतात तशी मामा हरकत घेतात. आमच्या लग्नात त्यांनी मुहूर्तालाच घेतली होती. मुहूर्ताच्या वेळी ओहोटी लागलेली असणार होती आणि उतरत्या पाण्यात लावलेलं लग्न घसरतं, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी पंचांग दाखवलं. मामांनी पिशवीतून स्वतःचं पंचांग काढलं. शेवटी गुरुजींनी मंगलाष्टकं भराभर उरकून अक्षता वीस मिनिटं अलीकडे ओढल्या, आणि लग्न अजून टिकून आहे हे मलाही मान्य करावं लागतं.

मामा घड्याळ वापरत नाहीत. पंचांगातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की पाणी किती वाजता भरणार ते कळतं आणि पाणी कळलं की बाकी सगळं कळतं, असा त्यांचा सरळ हिशेब. आमच्याकडे जेवायला येताना त्यांचा निरोप असतो, "ओहोटी लागली की निघतंय." मग बायको भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघते आणि त्या बेताने तांदूळ धुते. आमच्या ऑफिसातल्या साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांची पावलं आणि झोपसुद्धा मोजतं, पण साहेब एकाही मीटिंगला वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. मामा मात्र भाताला दम बसायच्या आत दारात हजर असतात.

माणसाची पारख ते बोंबलावर करतात. पापलेट ही त्यांच्या मते हॉटेलवाल्यांनी पसरवलेली अफवा आहे. लग्न ठरायच्या आधी त्यांनी मला घरी बोलावलं, ताटात दोन ताजे बोंबील वाढले आणि समोर मांडी घालून बसले. शिक्षण, पगार, घराणं, काही विचारलं नाही. मी काटा सबंध बाहेर काढला तेव्हा आतल्या खोलीकडे तोंड करून फक्त म्हणाले, "चालंल गो." एवढ्या सोप्या परीक्षेत मी आयुष्यात दुसऱ्यांदा पास झालो नाही.

त्यांच्या घरामागे, खाडीच्या अंगाला, वाड्याची सुकवणीची जागा आहे. तिथे बांबू रोवून त्यांच्यामध्ये आडव्या दोऱ्या ताणतात. हीच वलांडी. तिच्यावर बोंबील वाळत घालायची रीत अशी, की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही. दोघं एकमेकांना धरून वाऱ्यावर लोंबतात. मामांची वलांडी त्यांच्या आजोबांपासूनची, आणि सगळ्या कोळीवाड्याचा पावसाळा अशाच दोऱ्यांवरच्या सुक्या मासळीवर निघतो.

अलीकडे त्या किनाऱ्यावर क्रूझची जहाजं यायला लागली. मला वाटलं, मामा आता जहाजांवरही हरकत घेणार. तसं झालं नाही. पहिलं जहाज आलं त्या दिवशी ते लाल टोपी घालून, कमरेला कोळ्याचा रुमाल नेसून बंदरावर उभे राहिले आणि बोटाने मजले मोजू लागले. "सतरा मजली चाळ हाय, जावाय," ते म्हणाले, "पन एकाच्या बी दारात कपडे वाळत नायत. मानसं ऱ्हातात का पेशंट?" मग वरून कुणीतरी हात हलवला तसा त्यांनीही हलवला. पुढे हा नेमच झाला. जहाज आलं की मामा बंदरावर, हात वर. मी एकदा चिडवलं, तेव्हा म्हणाले, "येऊ देत की. दर्या काय माझ्या बापाचा नाय. सुकवनी मातर माझ्या बापाची हाय."

हे वाक्य त्यांनी कोळीवाड्यात येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ऐकवलं, कारण तोवर क्रूझच्या नव्या धक्क्याचा आराखडा आला होता. जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांसाठी एक मोठा चौक होणार होता. कारंजं, बाकं, कोळ्याचा पितळी पुतळा. जागा कुठली, तर सुकवणीची. आराखड्यात तिथे ‘मोकळी जागा’ असं लिहिलं होतं.

आता सांगायलाच हवं, ते मी लिहिलं होतं. आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. त्याच आवारात माझे वडील साचाखात्यात, मागावर होते. मी तिथे बसून नकाशे काढतो. धक्क्याचं काम आमच्याकडे आलं, वरून काढलेले फोटो आले, आणि संगणकात चार रंग होते: घर, दुकान, गोदाम आणि मोकळी जागा. सुकवणीला रंग नव्हता. फोटो जुलैतले. तेव्हा मासेमारी बंद, दोऱ्या गुंडाळून घरात, होड्यांवर ताडपत्र्या. कोपऱ्यातली निळी ताडपत्री मामांच्या होडीची आहे हे मी ओळखलं होतं. तरी चौथा रंग भरला आणि डबा खायला उठलो. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती. याची मला आजही लाज वाटते.

जनसुनावणी एका थंडगार सभागृहात होती. मी साहेबांच्या मागे लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मामा आले ते हातात सुक्या बोंबलांची माळ घेऊन. दोन मिनिटांत पुढच्या तीन रांगांनी नाकाला रुमाल लावले. मामांनी ती माळ टेबलावर, अधिकाऱ्यांच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली आणि विचारलं, "ह्यो फोटू कवाचा?"

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी माझ्याकडे. मी उभा राहिलो. मामांनी मला पाहिलं. लग्न ठरल्यापासून मला जावाय म्हणणारा हा माणूस, ओळख न दाखवता, हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमीच सांगा."

माझी नोकरी जाऊ नये म्हणून ते मला परका करत होते. कुणी सांभाळून घेतलेलं मला आजवर इतकं लागलं नव्हतं.

"जुलैचा," मी म्हणालो.

"मंग असं बगा," मामा बाईंकडे वळले. "शाळंचा फोटू मे महिन्यात काडला आनि लिवलं, हितं पोरं नायत, जागा मोकळी. चालंल काय?" बाईंनी फोटो जवळ ओढला. "गिरन्या बंद पडल्या तवा त्या बी अशाच मोकळ्या झाल्या. आत राबलेली मानसं कुठल्या फोटूत दिसली?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. पण आमच्या ऑफिसच्या काचा मला दिसल्या, आणि त्या जागी आमचे वडील डब्याची पिशवी घेऊन उभे दिसले. मी खाली बसायला हवं होतं. बसलो नाही. "मॅडम, हे माझे मामेसासरे आहेत," मी म्हणालो, "आणि ते बरोबर सांगतायत. ती जागा मोकळी नाही. मला माहीत होतं आणि मी चुकीचं लिहिलं." साहेबांनी मान इतक्या हळू वळवली की मला त्यांच्या मणक्याची काळजी वाटली.

बाईंनी हुकूम दिला, मोजणी मासळीच्या दिवसांत पुन्हा करा, आणि ज्यांनी नकाशा काढला त्यांनीच दुरुस्त करावा.

कार्तिकात मोजणी झाली. सगळा कोळीवाडा पहाटेपासून कामाला लागला होता. मोजणीदार आले तेव्हा पाऊल ठेवायला जागा नव्हती, खालून वाकून जावं लागत होतं. टेप धरणाऱ्याच्या डोक्यावर बोंबील, खांद्यावर बोंबील. मामा मागे हात बांधून त्याला म्हणाले, "सावकाश मोजा. मोकळी जागा गावली तर मला बी दावा." मी नकाशात पाचवा रंग केला. कुठला करू असं विचारलं, तर मामांनी एक सुका बोंबील माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्याचा."

पाहुण्यांचा चौक आता शेजारच्या बंद गोदामात सुचवलाय. अंतिम काहीच नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि मामा प्रत्येक टेबलावर हरकत ठेवून येतात. मला साहेबांनी त्या कामावरून काढलं. सध्या मी एका मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचे खांब नकाशावर काढतो. खांब मुकाट उभे राहतात, कुणाचे मामा निघत नाहीत.

एक गोष्ट मला मोजणीनंतर कळली. मामांच्या दोऱ्यांवर त्या दिवशी जे बोंबील होते, ते शेजाऱ्यांचे होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांची होडी पाण्यात गेलेली नाही. दोन्ही मुलं नोकरीला लागून ऐरोलीला राहतात. ज्या वलांडीसाठी हा माणूस टेबल टेबल भांडत फिरतो, ती तीन वर्षं रिकामीच होती. मी विचारलं, मग कशासाठी एवढं? मामा बंदराकडे बघत होते. जहाज सुटत होतं, पण त्यांनी हात वर केला नाही. "माजी रिकामी हाय," ते म्हणाले, "मोकळी नाय."

तेव्हापासून दर रविवारी बायको बंदरावरून पाटीभर बोंबील घेते आणि आम्ही दोघं मामांच्या दोऱ्यांवर ते वाळत घालतो. माझ्या हातून जबड्यात जबडा अजून नीट बसत नाही, निम्म्या जोड्या खाली पडतात. मामा खुर्चीवर बसून प्रत्येक जोडीवर हरकत घेतात. मागच्या रविवारी मात्र एक अख्खी दोरी भरली तरी खुर्चीतून आवाज आला नाही. घाबरून वळून पाहिलं. मामा जागे होते, दोरीकडे बघत होते, आणि त्यांना म्हणण्यासारखं काही सापडत नव्हतं.