पोरीचं ताट पहिल्या पंगतीला

डॉक्टरांनी माझ्या लेकीची हनुवटी पेनाने वर केली. हात लावला नाही.

नगरचा दवाखाना. दार सताड उघडं, बाहेर बाकावर माणसं. लेक चौदाची, आणि वजन धाकट्या भावापेक्षा कमी.

"लोक दुष्काळी कामावर खडी फोडून सरकारी सुकडीवर जगतायत," डॉक्टर म्हणाले, "आणि हिला घरात भाकरी असून नखरे सुचतात. बाई, तुम्ही मास्तरीण ना? शाळेतली पोरं सांभाळता, घरची एक सांभाळता येईना?"

बाकावर कोणीतरी हसलं.

मी वही पुढे केली. मला सगळं लिहून ठेवायची सवय. चार महिन्यांची नोंद होती. उपवास कोणते, चक्कर कधी, पाळी कधीपासून बंद. त्यांनी वही उघडलीच नाही. तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"पोरीला इथं सोडा. नळीनं भरवू. आईबापांनी महिनाभर तोंड दाखवायचं नाही, तुमच्यामुळंच हे झालंय. बरी झाली की लग्न लावून द्या. आपोआप जेवेल."

"तुमी म्हनाल तसं, सायेब," आमचे हे म्हणाले. हात जोडून. माझीही मान होकारात हलणारच होती.

लेकीने माझा पदर धरला. "आई, मला ठिवू नको. मी जेवते की रोज."

रोज? कधी? मी कप उचलून बाजूला ठेवला, वही उघडली. चार महिने, आणि ती काय जेवली याची एकही ओळ नाही. मी पाहिलंच नव्हतं. आधी पुरुषांची पंगत, मग सासूबाई, मग शाळेच्या घाईत मी. शेवटी ती, एकटी, चुलीपाशी. तिची भाकरी गोठ्यात गाईपुढे जात असणार, हे आत्ता उमगलं. श्रावणात धरलेले उपवास सुटलेच नाहीत. दुष्काळात पोरगी किती समजूतदार, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

"ती इथं राहणार नाही," मी म्हणाले. "चूक आमची असेल तर निस्तरणारही आम्हीच. दर आठवड्याला वजनाला आणीन. नळी लागलीच तर लावा, पण मी तिच्या उशाशी बसेन."

"मेली तर रडत येऊ नका."

एसटीत हे म्हणाले, "लई शानी झालीस. सायबाला उलटं बोलतीस."

"व्हय. आणि उद्यापासून ती तुमच्या शेजारी जेवणार. पहिल्या पंगतीला."

"बायामानसं आधी जेवत्यात व्हय कुठं?"

"मग तुम्ही पण उपाशी ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ह्यांचं, लेकीचं, माझं, तिन्ही ताटं एका ओळीत मांडली. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. लेकीने ताट भिरकावलं, मला वैरीण म्हणाली. मी दुसरं वाढलं. हे उठायला लागले.

"बसा," मी म्हणाले.

बसले. हातावरचं खरकटं वाळलं. ती रडत होती, हे जमिनीकडे बघत होते, मी दाराला पाठ लावून होते. कोणालाच सुटका नव्हती.

वहीवर कपाचा गोल डाग पडला होता. त्याच्याखाली लिहिलं: चतकोर भाकरी, दीड तास.

संध्याकाळी पुन्हा तीन ताटं मांडली. ती घास गिळत नाही तोवर या घरात कोणी उठणार नाही. वर्ष लागलं तरी.