तेलाचा चार्ज

आमच्या मामेसासऱ्यांइतकं तापल्या तेलाला घाबरणारा फौजी अख्ख्या सातारा जिल्ह्यात नसेल. सरहद्दीवर वीस वर्षं काढून हा माणूस रहिमतपुरात परतला आणि त्याला खरा शत्रू सापडला तो मामींच्या चकलीच्या कढईत. दिवाळीच्या फराळाला गॅस पेटला की मामा डाव्या हातात पातेल्याचं मोठं झाकण ढालीसारखं धरून ओट्यापाशी उभे राहत. खिडकीचा पडदा आदल्या दिवशीच उतरवलेला, चकल्या काढायची रद्दी चार हात लांब, मामींचा पदर खोचलेला. झारा ते स्वतः कोरडा पुसून देत. पाण्याचा माठ तर दिवाळीपुरता बाहेरच्या सोप्यात हद्दपार. एकदा मी चिवडा खाऊन ठसका लागल्यावर पाणी मागितलं, तर म्हणाले, "जावईबापू, आदी भाईर जावा, मग ठसका काढा. तापल्या तेलात थेंब पडला तर लय भडका हुतो!"

त्यांचा सगळ्यात कडक नियम चार्जचा. कढईपुढून हलायचं तर आधी दुसऱ्याला चार्ज द्यायचा आणि त्यानं मोठ्यानं "चार्ज घेतला!" म्हणायचं. मामी चाळीस वर्षं हे निमूट पाळत आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी दाराशी दूधवाला आला, तशा त्या "आवं, चार्ज घ्या," म्हणून निघाल्या. मामांनी घेतला. तेवढ्यात पलटणीतल्या जुन्या दोस्ताचा फलटणहून फोन आला. स्वयंपाकघरात रेंज नसते, म्हणून मामा बोलत बोलत अंगणात गेले. झाकण हातातच!

धूर दिसला म्हणून मी धावलो, तर कढईवर जाळ. मी सोप्यातून पाण्याचा तांब्या उचलून आणला. मागून मामी ओरडल्या, "पानी नगं!" मला बाजूला ढकलून त्यांनी गॅस बंद केला, स्टीलचं मोठं ताट कडेनं कढईवर सरकवलं, आणि जाळ गुदमरला. सगळं मिनिटभरात. मग फोन कानाला लावून मामा आत आले. मामींनी कमरेवर हात ठेवून एवढंच विचारलं, "चार्ज कुनाकडं हुता?"

मामा सावधानमध्ये उभे राहिले. झाकण ओट्यावर ठेवलं. "माज्याकडं. ड्यूटी सोडली मी. आता या पोस्टवर माजा हक्क न्हाई." आणि जाऊन अंगणातल्या बाजेवर बसले. कढई निवली, धुतली, नवं तेल ओतलं, तरी उठेनात. मी म्हटलं, "मामी, मी उभा राहतो." त्यांनी माझ्या हातात अजून तसाच असलेल्या तांब्याकडे असं पाहिलं की मी तो गुपचूप खाली ठेवला. भिजवलेलं पीठ तसंच. मामी गॅसपाशी उभ्या राहिल्या, लायटर हातात घेतला, पुन्हा ठेवला. शेवटी दाराकडे न बघता म्हणाल्या, "तुमी न्हाई तर मला भ्या वाटतं. पीठ आंबाय लागलंय, आवं."

मामा आले. फोन बंद करून माझ्या खिशात कोंबला, झाकण उचललं. "चार्ज घेतला," म्हणाले, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही.

आता मामी दोन ताटांपुरत्याच चकल्या तळतात, आणि मामांनी उभं राहायच्या जागी स्टूल मागून घेतलंय. झाकण मांडीवर असतं. यंदा विश्रामबागहून आम्ही पोचलो तेव्हा मी दारातून बघत होतो. ते तेलाकडे बघतच नव्हते. मामींच्या खांद्यावरून पदर निसटत तर नाही ना, तेवढंच बघत होते.