राजेळी-१ नावाचा गोपनीय ग्राहक

डेरेकने मीटिंगमध्ये आवाज खाली आणला.

"राजेळीबद्दल मी इथे जास्त बोलू शकत नाही," तो म्हणाला. "ग्राहक फार संवेदनशील आहे. एवढंच सांगतो, त्यांना मी स्वतः सांभाळतोय."

स्क्रीनवरच्या सगळ्या चौकटींमधली डोकी गंभीरपणे हलली. मी कॅमेरा बंद केला आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. कारण राजेळी हे आमच्या वसईच्या एका केळ्याचं नाव आहे. आणि हा संवेदनशील ग्राहक मी जन्माला घातला होता, गोखिवऱ्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

आधी माझं काम सांगते. मी प्लॅनर आहे. पूर्वी बरीच वर्षं एका विमान कंपनीत होते. कोणतं विमान कुठल्या फेरीला जाईल, कोणतं दुरुस्तीला बसेल, हे मी ठरवायची. मग घराजवळ नोकरी मिळाली. गोखिवऱ्यात एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं ऑफिस आहे. खालच्या गाळ्यात बरण्यांची झाकणं बनतात आणि वरच्या मजल्यावर आम्ही परदेशातल्या एका कंपनीच्या रॉकेटांचं वेळापत्रक लावतो. लोकांना हे खरं वाटत नाही. त्यामुळे सांडोरच्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर कोणी विचारलं, "ग्लोरिया, तुझं नक्की काम काय गं?" तर मी "लॉजिस्टिक्स" म्हणते आणि सुटते.

खरं तर विमानांचं आणि या रॉकेटांचं दुखणं एकच आहे. रॉकेटचा खालचा, सगळ्यात मोठा आणि महागडा भाग म्हणजे बूस्टर. पूर्वी तो एकदा वापरला की समुद्रात जायचा. आता तो वरच्या भागाला हवं तिथवर ढकलतो आणि स्वतः माघारी येतो. समुद्रात बार्ज उभी असते, म्हणजे मोठा सपाट तराफाच समजा. तिच्यावर तो पाय पसरून उभा राहतो. मग त्याला किनाऱ्यावर आणायचं, तपासायचं, खराब झालेलं बदलायचं आणि पुन्हा उडवायचं. बूस्टर मोजके, उड्डाणं जवळजवळ दर आठवड्याला. कोणता बूस्टर कोणाचा उपग्रह घेऊन कधी जाणार, याचा तक्ता म्हणजे आमची रोजीरोटी.

बूस्टरांना अधिकृत नंबर आहेत. आमच्या ऑफिसात मात्र त्यांना नावं पडली होती. एक होती मावशी. कधीही सांगा, तयार. खाली उतरली की किरकोळ साफसफाई करून पुन्हा उभी. दुसरा होता जावईबापू. प्रत्येक वेळी परत आला की काहीतरी दुखायचंच, आणि सगळं हँगर त्याच्या सरबराईला लागायचं.

अशा ताफ्यात एक तयार बूस्टर मोकळा ठेवावा लागतो. एखादा आजारी पडला तर त्याच्या जागी उभा करायला. आम्ही त्याला बफर म्हणतो. डेरेक हा त्या कंपनीचा सेल्सचा प्रमुख. त्याला बफर दिसला की तो न विकलेला माल दिसायचा.

"ग्लोरिया, या आठवड्यात मावशी... म्हणजे हा बूस्टर रिकामा का?" तो विचारायचा. (आमची नावं तिकडेही पोचली होती. तो 'माव्शी' म्हणायचा.)

"रिकामा नाही, राखीव आहे."

"कोणासाठी?"

"जे बिघडेल त्यासाठी."

"काय बिघडणार आहे?"

"ते आधी कळलं असतं तर बफर कशाला ठेवला असता?"

"म्हणजे नक्की असं काही नाही. छान! माझ्याकडे ग्राहक आहे."

आणि तो विकून मोकळा व्हायचा. मग एखादा बूस्टर अडला की सगळ्या तारखा पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळायच्या, आणि मीटिंगमध्ये प्रश्न एकच: प्लॅनिंग काय करत होतं?

असं तिसऱ्यांदा झालं त्या दिवशी मी डबा उघडून बसले होते. डब्याशेजारी पपांनी दिलेलं सुकेळीचं पुडकं होतं. सुकेळी म्हणजे आमच्याकडे वाळवलेली राजेळी केळी. एक तोंडात टाकली. समोर तक्ता उघडा होता. मावशीच्या ओळीतली मोकळी जागा डोळे मिचकावत होती. मी तिथे टाइप केलं: 'राजेळी-१'. ग्राहक: गोपनीय. उपग्रहाची माहिती: गोपनीय.

आमच्या धंद्यात यात विचित्र काही नाही. काही देशांच्या सरकारांचे उपग्रह असेच जातात. आत काय आहे ते विचारायचं नसतं. मला वाटलं, दोन दिवसांत कोणीतरी पकडेल, मी हसून काढून टाकेन, आणि निदान बफरवर एकदा नीट चर्चा होईल.

कोणी पकडलं नाही. गोपनीय ग्राहकांचे व्यवहार बघणारी एक वेगळी टीम होती. तिला वाटलं, डेरेक बघतोय. डेरेकला वाटलं, ती टीम बघतेय. आणि आपल्याला काही माहीत नाही असं म्हणणं डेरेकच्या स्वभावात नव्हतं. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "हो हो, राजेळी, माझ्या कानावर आहे." दुसऱ्या आठवड्यात, "त्यांच्याशी बोलणं चालू आहे." पुढे पुढे तर राजेळी त्यानेच आणली होती.

आमचे इथले साहेब म्हणजे वर्तक सर. मूळचे चांदीपचे, सरळ माणूस. त्यांनी तर कमालच केली. इतका मोठा ग्राहक आपल्या तक्त्यात आहे म्हटल्यावर त्यांनी ऑफिसच्या दाराला अंगठा लावून उघडणारं कुलूप बसवलं. चहावाल्याला जिन्यातच थांबवायला सुरुवात झाली. झाकणवाल्या गाळ्याचे मालक मला हळूच विचारून गेले, "मॅडम, वर मिलिट्रीचं काम आलंय का?"

मला सांगायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मजा येत होती. शिवाय मावशी सुरक्षित होती. तिला हात लावायची डेरेकची छाती नव्हती.

मग जावईबापूंनी पाय मोडून घेतला.

त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. बार्ज हलत होती. जावईबापू उतरले, पण एका पायावर जास्त भार आला आणि तो चेपला. पडले नाहीत, वाकडे उभे राहिले, उन्हात चप्पल तुटलेल्या माणसासारखे. दुरुस्ती लांबणार हे फोटोवरूनच दिसत होतं.

जावईबापूंचं पुढचं उड्डाण होतं बेटांच्या एका छोट्या देशासाठी. त्यांचा हवामानाचा उपग्रह. वादळ कुठे आहे, कुठे वळतंय, हे सांगणारा. त्यांची इंजिनिअर लिटिया नावाची बाई होती. कधी आवाज चढवायची नाही. जावईबापूंची बातमी कळल्यावर तिने कॉल केला.

"आमचा जुना उपग्रह मधूनमधून चित्रंच पाठवत नाही," ती म्हणाली. "मग आम्ही अंदाज करतो. वादळांचा मोसम आता तोंडावर आलाय. ग्लोरिया, तुम्ही आम्हाला मागे ढकललंत तर पुढची जागा कधी आहे?"

मी तक्ता बघितला. पुढची जागा वादळांचा मोसम संपल्यावर होती.

"मी काहीतरी करते," मी म्हणाले. आणि मला हलकं वाटलं, कारण करण्यासारखं माझ्याकडे होतं. याच दिवसासाठी तर मावशी ठेवली होती! मी राजेळीची तारीख लांबवली, मावशी लिटियाला दिली आणि मीटिंगमध्ये तसं सांगितलं.

डेरेक खुर्चीत ताठ झाला. "अजिबात नाही. राजेळीला हात लावायचा नाही."

"पण डेरेक, हवामानाचा उपग्रह..."

"त्यांचं मला वाईट वाटतं. पण ते छोटे ग्राहक आहेत. ते थांबतील. राजेळी थांबणाऱ्यातली नाही. मी त्या लोकांना ओळखतो."

ऑपरेशन्सच्या प्रमुख हेलन नावाच्या वयस्कर बाई होत्या. त्या शेवटी म्हणाल्या, "उद्यापर्यंत ठरवू."

मी लॅपटॉप मिटला. आता हसू येत नव्हतं. एक केळं आणि एक अख्खा देश रांगेत उभे होते, आणि केळं पुढे होतं.

मी वर्तक सरांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"म्हणजे राजेळी नावाचं कोणी नाहीच?"

"आहे ना सर. आमच्या वाडीत आहे. घड लागलेत."

"आणि ते अंगठ्याचं कुलूप मी..."

"केळ्यासाठी बसवलंत."

वर्तक सर चिडले की त्यांची ऑफिसची भाषा सुटते आणि चांदीपची बाहेर येते. "मॅडम, पानी डोक्यावरून गेलं हो!" ते ओरडले. मग एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, त्रास होतोय की काय. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आता खरं सांगून टाकते," मी म्हणाले.

"सांगा, पण नंतर. आज सांगितलंत तर काय होईल? डेरेकची शोभा होईल. चिडून तो मावशी तिसऱ्यालाच देईल. त्या बाईंचा उपग्रह राहिला बाजूला." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात. राजेळी सोडून बाकीच्या ग्राहकांचं काय होतं? कधी वेळेवर येतो कोणाचा उपग्रह?"

खरंच होतं. रॉकेट अडलं की पेपरात येतं. पण निम्म्या वेळा रॉकेट तयार असतं आणि उपग्रहच आलेला नसतो. कुठे बॅटरी बदलायची राहते, कुठे चाचणी फसते. त्यात कोणाला नवल वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये वर्तक सर स्वतः बोलले. इस्त्रीचा शर्ट, गंभीर चेहरा. "राजेळीच्या बाजूने अपडेट आहे. माल पिकलेला नाही."

मी टेबलाखाली स्वतःला चिमटा काढला.

"म्हणजे?" हेलन बाईंनी विचारलं.

"म्हणजे त्यांचा उपग्रह तयार नाही. वेळ लागेल."

सगळ्यांनी डेरेककडे बघितलं. डेरेकने हात जोडल्यासारखे हनुवटीखाली धरले आणि सावकाश मान हलवली.

"मला कल्पना होती," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यातच त्यांनी मला खासगीत सूचना दिली होती. मी फक्त त्यांच्या परवानगीची वाट बघत होतो."

मावशी लिटियाला मिळाली.

उड्डाण आमच्या संध्याकाळी होतं. ऑफिसातले सगळे एका स्क्रीनपुढे जमले. चहावाल्याला वर्तक सरांनी स्वतः दार उघडून आत घेतलं. मावशी वर गेली. वरचा भाग सुटला. ती वळली, खाली आली आणि बार्जच्या मधोमध उभी राहिली. पुढे तासाभराने उपग्रह आपल्या जागी पोचला. लिटियाचा मेसेज आला: 'सिग्नल ऐकू येतोय. आभार.' एवढंच. मी वॉशरूममध्ये जाऊन थोडी रडले आणि तोंड धुऊन आले.

त्या आठवड्यात हेलन बाईंचा मला एकटीला कॉल आला.

"ग्लोरिया, राजेळीच्या उपग्रहाचं वजन किती?"

"हलकाच आहे."

"किती हलका? सोलून की सालीसकट?"

मी उठून दार लावलं.

"मी तो शब्द इंटरनेटवर शोधला," त्या म्हणाल्या. "फोटो छान आहेत. कधीपासून चाललंय हे?"

मी सगळं सांगितलं. कुलुपासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते.

"हे पुन्हा करायचं नाही," त्या म्हणाल्या. "यापुढे बफर उघडपणे ठेवायचा. तक्त्यात स्पष्ट 'राखीव' लिहायचं. डेरेकला मी बजावते. राजेळीचं त्याला काही बोलू नका. बिचारा फार जवळचा होता त्यांच्या."

मी तसं केलं. मोठ्या अक्षरांत 'राखीव' लिहिलं. डेरेकने हेलन बाईंचं म्हणणं मान्य केलं, मीटिंगमध्ये माझं कौतुकही केलं, आणि आठवडा संपायच्या आत ती जागा विकली.

हेलन बाईंनी तक्ता बघितला. मग म्हणाल्या, "ग्लोरिया, सध्या नवीन गोपनीय ग्राहक कोणी आहे का? असला तर मला नाव सांगू नका. फक्त त्याला चांगला बूस्टर द्या."

आता नवा प्लॅनर आला की मी त्याला सॉफ्टवेअर नंतर शिकवते. आधी एवढंच सांगते. रिकामी जागा रिकामी म्हणून मागितलीस तर कोणी ठेवू देणार नाही. मोठं कोणीतरी येणार आहे म्हण, सगळे तिला वळसा घालून जातील. नाव मात्र असं निवड, की उच्चारताना समोरच्याचा आवाज आपोआप खाली आला पाहिजे.