मोज्यांची आई

काकूंच्या लॉन्ड्रीतून कधी कुणाचा रुमालसुद्धा हरवला नव्हता. नवं गिऱ्हाईक आलं की कपडे मोजायच्या आधी त्या ही गोष्ट त्याच्या कानावर घालत. मागे काका मशीन सांभाळत, पुढे काकू इस्त्री फिरवत, आणि टेबलाखाली बटणासारख्या नाकाची त्यांची बुटकी कुत्री, बटणी, वाफेच्या उबेत लोळत असे. फिरायला चला म्हटलं की काकू पाय दुखतात म्हणत, आणि दिवसभर त्याच पायांवर उभ्या राहत.

अशा दुकानातून मोजे नाहीसे व्हायला लागले. आधी बँकेतल्या कॅशियरचा, मग मुख्याध्यापकांचा, मग कुणाकुणाचे. प्रत्येक जोडीतला एकच. काकूंनी मशीन खोलायला लावलं, काकांचे खिसे उलटे केले आणि शेवटी काकांशी बोलणंच टाकलं.

त्याच सुमारास बटणीचं बिनसलं. जेवणाला तोंड लावेना, कपाटामागून बाहेर येईना, जवळ गेलं की गुरगुरे. काकूंनी कसंबसं मांडीवर घेतलं तर पोट टम्म फुगलेलं आणि आचळांना दूध. काकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. अबोला क्षणभर बाजूला ठेवून त्यांनी काकांना सांगितलं की तुम्ही आजोबा होणार. काका गोंधळले. दोन महिन्यांपूर्वी बटणी माजावर होती तेव्हा काकूंनीच तिला घरात कोंडून ठेवलं होतं, खिडकीसुद्धा उघडू दिली नव्हती. पण काकू ऐकण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. जुन्या चादरींची दुपटी शिवून झाली, समोरच्या शिंपिणीला एक पिल्लू कबूलही करून झालं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली आणि हात पुसले.

"काकू, पोटात एकही पिल्लू नाही."

"मग दूध कुणासाठी?"

डॉक्टरांनी समजावलं. माजानंतर हार्मोन्स कधी कधी असं फसवतात, आणि कुत्रीला खरंच वाटतं की आपण आई झालो. सहसा दोनतीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. मात्र दूध पिळायचं नाही, आचळं चोळायची नाहीत, नाहीतर दूध वाढतच जातं. लाली किंवा गाठ दिसली तर लगेच आणायचं. भरपूर फिरवायचं, खेळवायचं. दूध पूर्ण आटलं आणि थोडे महिने गेले की गर्भाशय आणि अंडाशय काढायचं ऑपरेशन करून टाकू, म्हणजे पुन्हा हा घोळ नको.

"आणि ती काहीतरी पिल्लू समजून सांभाळत असेल," डॉक्टर म्हणाल्या. "खेळणं, चप्पल, काहीही. ते एकेक करून हळूच काढून घ्या."

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं.

दुकानात येताच काकांनी कपाट सरकवलं. मागे घरट्यात सगळे मोजे शेजारी शेजारी निजवलेले, चाटून चाटून ओलेचिंब. त्यांत डॉक्टरीणबाईंचाही एक होता, हिरवा. काकू खाली बसल्या आणि काकांच्याच खांद्यावर डोकं टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

बातमी फुटली आणि गिऱ्हाइकं आपापलं बाळ बघायला येऊ लागली. कॅशियरने आपलंच सगळ्यांत गोंडस असल्याचं जाहीर केलं. सदा कपाळाला आठ्या घालणारे मुख्याध्यापक वाकून बराच वेळ कपाटामागे बघत राहिले.

"माझा शेवटी काढा," ते म्हणाले. "तो तिच्या कुशीत आहे."

पण मोजे काढायचे तर बटणी बाहेर जायला हवी, आणि ती काकूंखेरीज कुणाबरोबर हलेना. काकूंनी इस्त्री बंद केली, चपला चढवल्या आणि निघाल्या. सुरुवातीला जेमतेम कोपऱ्यापर्यंत. बटणी सारखी मागे वळून बघे. मग बागेपर्यंत. इकडे काका एक मोजा उचलत आणि धुऊन मालकाकडे पोचता करत. एकदा बागेत बटणीने कुणाचा तरी चेंडू पळवला आणि काकू तिच्यामागे सुटल्या. आपण धावतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोन बाकं मागे पडली होती. तरी त्या थांबल्या नाहीत.

घरट्यात मुख्याध्यापकांचा मोजा एकटा उरला, त्या दिवशी बटणीने तो हुंगला, त्याच्यावरच पाय दिला आणि जेवणाची थाळी चाटूनपुसून साफ केली.

ऑपरेशनही पुढे सुखरूप पार पडलं. आता संध्याकाळी कपडे द्यायचे असले तर गिऱ्हाइकाला बागेत जावं लागतं, आणि तिथेही काकू एका जागी सापडतील याचा नेम नाही.