गार्ड कोणी काढला?

सूर्याजीराव जगदाळे म्हणजे आमच्या कारखान्यातला एक नंबरचा कटकट्या माणूस. प्रेमानेच म्हणतेय, पण कटकट्या तो कटकट्याच. हेल्मेट कुठाय, ओढणी मोकळी का सोडलीय, फरशीवर तेल कोणी सांडलं, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मी ऑफिसात हजेरी-पगाराचं काम बघते, तर माझी खुर्ची हलते म्हणून तीसुद्धा बदलायला लावली. "उषाताई, पडाल एक दिवस." मी म्हटलं, "पडले तर तुमच्याच अंगावर पडेन!" हसले, पण खुर्ची बदलून घेतलीच.

राहायला ग्वाल्हेरच्या दाना ओलीत. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले, तेव्हापासून घरात एक तलवार आहे आणि सगळ्या पुरुषांना मिशा आहेत. लढाया संपल्या, म्हणून हे आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि चढत चढत सेफ्टी सुपरवायझर झाले. पॅकिंगच्या पोरी त्यांना काका म्हणतात. ओरडून घेतात आणि डब्यातला लाडूही त्यांनाच आधी देतात.

आमच्याकडे काही झालं की आधी निकाल लागायचा आणि मग चौकशी व्हायची. गेल्या वर्षी गोदामातल्या लिफ्टखाली एक हमाल सापडून गेला. अँब्युलन्स गेटाबाहेर पडायच्या आधीच मॅनेजरसाहेब बोलून मोकळे, "उसकी अपनी लापरवाही थी." सूर्याजीराव सगळ्यांसमोर भांडले. मेलेला माणूस उत्तर देत नाही म्हणून त्याच्यावर ढकलता काय, म्हणाले. मोठा अपघात झाला की चौकशीला वेगळी टीम हवी, आणि ज्याचा हात त्या मशीनला लागलाय तो तिच्यात नको, हा एकच घोशा त्यांनी वर्षभर लावला. शेवटी हेड ऑफिसने कंटाळून हो म्हटलं. टीमचे प्रमुख सूर्याजीराव, सोबत बॉयलरकडचा इलेक्ट्रिशियन श्रीपाद आणि मी. मी कशाला, विचारलं तर म्हणाले, "तुम्ही कुणाला भीत नाही म्हणून." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि टीमपुढे पहिलीच आली ती पॅकिंगमधली आमची गरिमा.

दसऱ्याची सुट्टी संपून पॅकिंगची लाइन सुरू झाली त्या सकाळची गोष्ट. पाकिटाची तोंडं बंद करणारा गरम जबडा असतो मशीनला. त्याच्यापुढे लोखंडी झाकण असतं, त्याला आम्ही गार्ड म्हणतो. त्या सकाळी गार्ड जागेवर नव्हता. अडकलेलं पाकीट सोडवायला गरिमाने हात घातला आणि जबडा मिटला. उजव्या हाताची तीन बोटं गेली हो! तिची किंकाळी मला ऑफिसात ऐकू आली.

मॅनेजरसाहेबांचं वाक्य तयारच होतं. "लड़की ने देखा क्यों नहीं? गार्ड खुला था तो मशीन चलाई क्यों?" म्हणजे हात पण तिचाच गेला आणि दोष पण तिचाच. वर नोकरीही जाणार होती. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात राहणारी पोर ती, वडील आजारी, तिच्या पगारावर घर चालतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सूर्याजीराव मात्र शांत होते. "टीम कशाला केलीय मग? बसू या," म्हणाले.

बसलो. लाइनवरच्या पोरी एकेक करून आत आल्या. सूर्याजीराव प्रत्येकीला प्रेमाने विचारत, "घाबरू नको बेटा. गार्ड कोणी काढला होता?" पहिली म्हणाली माहीत नाही. दुसरी म्हणाली लक्ष नव्हतं. तिसरी तर ओढणीचं टोक चावत फरशीकडे बघत राहिली. एरवी चिमण्यांसारखा कलकलाट करणाऱ्या पोरी, आणि आज सगळ्यांच्या तोंडाला कुलूप! मला वाटलं, मॅनेजरने दम दिलाय. मी तावातावाने म्हटलं, "अगं, गरिमाचा जीव जाता जाता वाचलाय आणि तुम्ही कुणाला पाठीशी घालताय?"

त्या पोरीने मान वर केली, सूर्याजीरावांकडे बघितलं आणि ढसाढसा रडायला लागली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. खंडेनवमीला आपण मराठे शस्त्रं पुजतो, तसं सूर्याजीराव दर वर्षी पॅकिंगच्या मशीनची पूजा करतात. पोरींचाच हट्ट असतो. या वर्षी जबड्याला हळदकुंकू नीट लावता यावं म्हणून त्यांनी स्वतः स्क्रू काढून गार्ड उतरवला, पुसला, झेंडूचा हार घालून भिंतीशी उभा केला. आरती झाली, प्रसाद वाटला, तेवढ्यात बॉयलरच्या पूजेचं बोलावणं आलं आणि ते गेले. गार्ड भिंतीशीच राहिला. परत बसवलाय असंच ते धरून चालले होते, कारण आयुष्यात ते कधी विसरले नव्हते. पोरींना सगळं माहीत होतं. काकांचं नाव यायला नको म्हणून त्या गप्प होत्या.

सूर्याजीराव उठले. "उषाताई, प्रमुख आता तुम्ही. माझा हात लागलाय मशीनला. मी बाहेर बसतो, बोलवाल तेव्हा साक्षीला येईन."

मी त्यांच्या मागे धावले. "अहो, वेडे आहात का? तुमचं नाव मिळालं की साहेब टाळी वाजवतील आणि चौकशी तिथेच संपेल!"

"आणि मी गप्प बसलो तर पोरीवर येईल." एवढंच बोलले.

मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. एवढा नावाजलेला माणूस, आणि झाकण विसरतो? मग माझाच राग मला बोचायला लागला. काय करावं सुचेना.

सुचलं ते श्रीपादला. म्हणाला, "ताई, गार्ड नसेल तर ही मशीन सुरूच व्हायला नको. तिला तसा स्विच असतो. चाललीच कशी, ये तो देखना पड़ेगा." त्याने मागचं पॅनेल उघडलं तर आत स्विचला बगल देऊन एक तार जोडलेली. धूळ बसलेली, जुनी तार. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, मशीन सारखी थांबायची, माल कमी निघायचा, म्हणून साहेबांनीच हिवाळ्यात जोडायला सांगितली होती.

मी तडक साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, सूर्याजीरावांना आत बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाले, "जगदाळेजी, आप मान लीजिए कि गलती आपकी है। लड़की की नौकरी मैं बचा लूँगा, इलाज भी करा दूँगा। तार-वार की बात रहने दीजिए।"

आणि हा माणूस "ठीक आहे" म्हणाला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाहेर येऊन मी नाही नाही ते बोलले. ते मान खाली घालून म्हणाले, "तिचं घर चालू दे, ताई. माझी नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत."

दुसऱ्या दिवशी गरिमाचा जबाब होता. हाताला कोपरापर्यंत बँडेज, चेहरा पांढरा पडलेला. साहेब मुद्दाम येऊन बसले. सूर्याजीराव साक्षीदाराच्या बाकावर. प्रश्न मलाच विचारायचा होता. मी म्हटलं, "बाळा, गार्ड नव्हता हे तुला दिसलं होतं का?"

"दिसलं होतं, ताई."

"मग मशीन का लावलीस?"

"काकांनी पूजा केली होती ना." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "मला वाटलं, काकांनी सगळं बघितलं असणार, मैं क्या देखूँ?"

सूर्याजीरावांनी तोंड हातांत लपवलं. मिशांवरून पाणी ओघळत होतं. मोठ्या माणसाला असं रडताना बघणं फार वाईट, मला खिडकीकडे बघावं लागलं.

गरिमा त्यांच्याकडे वळली. "काका, पोरींनी आईला सांगितलंय, तुम्ही सगळं आपल्यावर घेऊन राहिलात. माझ्यासाठी. मत कीजिए ना. त्या मशीनवर उद्या माझ्या जागी लाइनवरची सीमंतिनी बसेल. तिला पण वाटेल की काकांनी बघितलं असणार."

मग सूर्याजीराव उभे राहिले. "उषाताई, लिहा. गार्ड मी काढला आणि बसवला नाही. आणि तारेचंही लिहा. ती कोणाच्या सांगण्यावरून जोडली तेही लिहा."

"सोच लीजिए, जगदाळेजी," साहेब म्हणाले. "फिर मैं किसी की नौकरी का ज़िम्मा नहीं लूँगा।"

सूर्याजीरावांनी गरिमाकडे बघितलं. तिने मान डोलावली.

मी सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. साहेब खुर्ची ढकलून निघून गेले. सूर्याजीरावांनी सही केली. मी कागद गरिमापुढे सरकवला, पेन ठेवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं. तिने डाव्या हातात पेन धरून बघितलं. दोन वेडीवाकडी अक्षरं उमटली, पुढे जमेना. सूर्याजीराव माझ्या टेबलावरून शाईचा पॅड घेऊन आले आणि तिच्यापुढे धरून उभे राहिले. बी.कॉम. झालेल्या पोरीने डावा अंगठा लावला.