फिल्टरचं कापड

लातूरच्या एमआयडीसीत वनस्पती तुपाच्या कारखान्यात मी फिल्टरवर होतो. पातळ तेल घट्ट करायला त्यात हायड्रोजन वायू सोडतात. नुसता सोडला तर तेल त्याला धरत न्हाई. मध्ये निकेलची काळी भुकटी लागते, तिला कॅटलिस्ट म्हणतात. ती तेल घट्ट करते आणि आपण तशीच राहते. लई घाण्यांनंतर तीबी थकते, मग बदलायची. जाड सुती कापडावर ती भुकटी अडवायची, तूप पुढं सोडायचं, हे माझं काम.

जुनं कापड घरी न्यायचं न्हाई, असं केमिस्ट साहेबानं बजावलं होतं. सगळेच न्यायचे. असलं मऊ, दणकट कापड बाजारात कुठं मिळतं? पोरगी देगलूरहून पहिल्या बाळंतपणाला आली, तवा मीबी एक नेलं. बायकोनं राखेनं धुतलं, घड्या घालून बाजेवर नातीच्या अंगाखाली अंथरलं.

चौथ्या दिवशी दुपारी, कारखान्यात मी वाळत टाकलेला कापडांचा ढीग धुपायला लागला. साहेब ओरडला, "कोरडं कुणी ठेवलं? राहिलेली भुकटी वाळली की हवेनं तापते, आपोआप पेटते! पाण्यात टाका!"

तसलंच कापड घरी नातीच्या अंगाखाली होतं. घरात फोन एकच, पोरीचा, आणि बाळंतिणीला त्रास नको म्हणून बायकोनं तो बंद करून ठेवलेला. कुणाला न विचारता सायकल काढली.

दारातच धूर. बायको ओवा-शेपाची धुरी देऊन राहिली होती.

"हात-पाय धुवा आधी. तसेच कुठं आत येता?"

"बाजूला हो. ते कापड तापतंय."

"बाजेखाली शेगडी हाय, तापणारच की! डोकं फिरलं का तुमचं?"

पोरगी आतून म्हणाली, "बाबा, सकाळपासून आज लईच ऊब लागून राहिली."

मी बायकोला ढकललं. नात उचलून पोरीच्या हातात दिली. कापडाची मधली घडी करपून तांबडी झाली होती, माझा तळवा भाजला. अंगणात फेकलं तर भकदिशी पेटलं.

बायको धावत अंगणात आली. म्हणाली, "इंगळ उडाला. मीच शेगडीत जादा कोळसा भरला."

मी म्हणालो, "हाव. इंगळच."

नातीच्या पाठीवरची लाली दोन दिवसांत गेली. आता ती शाळेत जाते. बायकोनं मात्र पुन्हा कुणाच्या बाळंतिणीची शेगडी पेटवली न्हाई. गल्लीतल्या बाया बोलवायला आल्या की म्हणायची, "मला नका सांगू. माझ्या हातनं नात गेली असती." ते ऐकत मी भाकरी खायचो. खरं सांगितलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती.

गेल्या साली ती गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी पोरीला म्हणाली, "तुझ्या नणंदेच्या बाळंतपणात शेगडीत कोळसा कमी घाल गं." मी खाटेला टेकून बसलो होतो.